वीतभर विमानाची ओळख

विमानाच्या चिमुकल्या प्रतिकृती जोडणे म्हणजे निव्वळ पोरखेळ, असे पुष्कळांना वाटते. पण या पोरखेळाने एके काळी मोठी कामगिरी बजावली आहे. 1942 साली अमेरिकन नौदलाने शाळांतील मुलांकडून युद्धविमानांच्या लाकडी प्रतिकृती मागविल्या; थोड्याथोडक्या नव्हेत, तब्बल 5 लाख! प्रमाण ठरले 1:72. म्हणजे 6 फुटांचा माणूस अवघा 1 इंचाचा. अशी प्रतिकृती 35 फुटांवर धरली, की अर्ध्या मैलाच्या आसपासचे खरे विमान पाहिल्याचा भास होई. तिला मुद्दाम काळा रंग देत. कारण ओळख पटवायची ती केवळ आकृतीवरून. तोफेवरील सैनिकाला क्षणार्धात ठरवावे लागे, विमान आपले की शत्रूचे? चूक झाली तर बळी जाई तो स्वकीयांचाच.

पुढे लाकडाची जागा प्लॅस्टिकने घेतली. ते प्रमाण मात्र टिकले. 37 फूट पंखविस्ताराचे मस्टँग आजही त्या प्रमाणात सहा-सव्वासहा इंचांत मावते. छांदिष्ट मंडळी सांधे घासतात, रंग चढवतात, बारीक खुणा चिकटवतात. पण रंगाला हात घालण्यापूर्वी ते विमान क्षणभर उजेडासमोर धरून पाहावे. त्या काळ्या आकृतीवरच एके काळी कितीकांचे प्राण अवलंबून होते.