अंगणवाडीत भेंडीचे ठसे

बचत गटातल्या आम्ही चौघीजणी दर शनिवारी तासभर अंगणवाडीत चित्रकला घेतो. पगार नाही, पण सेविकाताईंना तेवढाच हातभार.

पहिल्याच शनिवारी आम्ही चुकलो. फळ्यावर पोपट काढला आणि पोरांना म्हटलं, अस्साच काढा. एका चिमुरडीला चोच जमेना, तर तिचा हात धरून आम्हीच काढून दिली. पुढच्या वेळी तिनं खडूच घेतला नाही. "तुमीच काडा," म्हणाली.

आता फळ्याला हात लावत नाही. भेंडी आडवी कापायची, कालवलेल्या गेरूत बुडवून रद्दी कागदावर दाबायची, की उमटलं फूल. पिवळ्याला हळद, गुलाबीला बीट. चिमटीत धरणं, दाबणं, उचलणं यातूनच बोटांत पेन्सिल धरायची ताकद येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही अशाच पानाफुलांवर, शंख-शिंपल्यांवर. चिंचोके मात्र लहानग्यांना नकोत, नाकात घालतात!

आणि "हे काय काढलंस?" असं दरडावून विचारू नका. "सांग बरं, काय चाललंय इथं?" म्हणा. परवा तीच चिमुरडी ठशांच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाली, "आमची मेंढरं. पाण्यावर चाल्लीत."