चढविलेले कागद कोठें अडतात?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत सीना नदीस महापूर आला आणि परंडा तालुक्यांतील नदीकाठच्या शेतांची जी दुर्दशा झाली, ती वाचकांस निराळी सांगावयास नको. त्या वेळीं सोसायटीनें सभासदांस सुचविलें कीं, प्रत्येकानें बुडालेल्या पिकाचीं व खरवडून गेलेल्या जमिनीचीं छायाचित्रें सोसायटीच्या संकेतस्थळावर चढवून ठेवावींत. सरकारी पंचनाम्याची जागा तीं घेत नाहींत; परंतु पुढेंमागें वाद पडल्यास आधार म्हणून उपयोगीं पडतात. हें संकेतस्थळ दुसऱ्याच्या जागेंत भाड्यानें ठेवलेलें नसून सोसायटीच्या कचेरींतील संगणकावरच आहे.

एका सभासदानें तीन छायाचित्रें एकदम चढविलीं. पडद्यावर ‘आपली माहिती मिळाली’ अशीं अक्षरें उमटलीं. त्यावर विश्वासून त्यानें मोबाईलांतील मूळ चित्रें पुसलीं आणि वापसा येतांच शेत नांगरलें. दोन महिन्यांनीं पाहतो तों त्याच्या नांवापुढें एकही चित्र नाहीं! नांगरलेल्या शेतांतून पुराची खूण पुन्हां काढतां येत नाहीं. त्याचा पुरावा गेला तो गेलाच.

आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. कागद गहाळ झाल्याची तक्रार आली कीं आम्ही प्रथम आवक बारनिशी उघडीत असूं. कागद दारापर्यंत आला काय, नोंदला गेला काय, दप्तरांत लागला काय, असें क्रमानें पाहावें. जेथें माग तुटतो तेथेंच दोष शोधावा. संगणक सांभाळणाऱ्या तरुणाबरोबर बसून आम्हीं याच रीतीनें शोध घेतला, तेव्हां कागदास चार दारें ओलांडावीं लागतात असें दिसून आलें.

पहिलें दार वाटेचें. मोबाईलचें एक छायाचित्र सहज तीन-चार एमबी भरतें. शिवारांत रेंज क्षीण असली म्हणजे एवढें ओझें मध्येंच अडतें. संगणकाच्या वेशीवर एन्जिनएक्स नांवाचा द्वारपाल असतो. तो पुढील तुकड्याची साधारणतः साठ सेकंद वाट पाहतो व मग नाद सोडतो. यास्तव चांगली रेंज असेल तेथून एकेक चित्र चढवावें.

दुसरें दार या द्वारपालाचें. निराळी आज्ञा नसेल तर तो १ एमबीहून मोठें ओझें आंत घेत नाहीं व ४१३ हा आंकडा दाखवून परत पाठवितो. हा आंकडा दिसल्यावर आंतील कपाटाची झडती घेणें व्यर्थ आहे. द्वारपालाची ‘क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ’ ही मर्यादाच वाढविली पाहिजे.

तिसरें दार पीएचपी या संगणकीय भाषेचें. आपल्या संकेतस्थळाचा सर्व व्यवहार तिच्यांत चालतो. तिच्या मूळच्या नियमाप्रमाणें एक फाइल २ एमबीची व एका खेपेचा एकूण भार ८ एमबीचा. एक फाइल मर्यादेबाहेर गेल्यास ती त्रुटि क्रमांक १ नोंदविते. फाइल अर्धवट आल्यास क्रमांक ३. परंतु एकूण भार ८ एमबीच्या वर गेला, तर ती सर्व खेपच टाकून देते आणि फॉर्म कोरा आल्यासारखा दिसतो. आमच्या सभासदाचें असेंच झालें. द्वारपालाची मर्यादा पूर्वीं कोणीं तरी वाढविली होती, म्हणून बारा एमबींचा भार वेशींतून आंत आला व आंतल्या दारीं नाहींसा झाला. आणि आमचें पान असें कीं, फाइल आली किंवा नाहीं हें न पाहतांच त्यानें ‘मिळाली’ म्हणून छापलें!

चौथें दार कपाटाचें. फोल्डरांत लिहिण्याचा अधिकार नसला, तर फाइल तेथें ठेवतां येत नाहीं; डिस्क भरली असली, तर क्रमांक ७ ची त्रुटि येते. येथें सर्वांस सर्व अधिकार देणारा ७७७ हा आंकडा लावून मोकळें व्हावें, असें कित्येक सांगतात. तें ऐकूं नये. दप्तरखान्याचें कुलूप काढल्यास कागद लवकर लागतो खरा; पण रात्रीं कोण येऊन काय ठेवून जाईल याचा नेम नाहीं. फोल्डर संकेतस्थळाच्या खात्याच्या नांवें करून ७५५ एवढाच अधिकार ठेवावा.

दार ओळखण्याची कसोटी सोपी आहे. मूळच्या मर्यादा कायम असतील तर प्रथम १०० केबीची फाइल चढवावी. तीहि न गेल्यास दोष बहुधा वाटेचा अगर कपाटाचा. ती गेली पण दीड एमबीची अडली, तर दुसरें दार. दीडची गेली पण तीनची अडली, तर तिसरें. संगणक स्वतःची त्रुटींची बारनिशी ठेवतो. तीहि अवश्य वाचावी.

आम्हीं आतां एका फाइलीस १०, एका खेपेस ४० व द्वारपालास ५० एमबी अशा मर्यादा ठेविल्या आहेत. बाहेरचें दार आंतल्याहून मोठें असावें हा नियम. बदल केल्यावर दोन्ही सेवा पुन्हां चालू कराव्या, नाहीं तर नवा नियम कागदावरच राहतो.

सभासदांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. व्हॉट्सॲपवरून साधेपणीं आलेलें छायाचित्र चढविण्यास हलकें खरें, परंतु वेळ व स्थळ यांची मूळ नोंद त्यांत राहत नाहीं. म्हणून मूळ चित्रच चढवावें. दुसरी गोष्ट पोंचेची. यापुढें आपलें पान प्रत्येक फाइलीचें नांव, आकार, तारीख व अनुक्रमांक दाखवील. कचेरींत कागद देतांना आपण शिक्का मारलेली पोंच मागतों. तशीच ही पोंच पाहून टिपून घ्यावी. ती हातीं येईपर्यंत मूळ चित्र पुसूं नये.