फेसाळ प्लॅस्टिकाची पारख

तव्यावरील भाकरी फुगते ती आंत कोंडलेल्या वाफेमुळें, आणि भज्यांत जाळी पडते ती सोड्यापासून निघणाऱ्या वायूमुळें. हाच न्याय प्लॅस्टिकास लावून कारखानदार पेट्या, गाद्या व तक्ते बनवितात. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें प्रस्तुत लेखकानें गोठ्याच्या पत्र्याखालीं उष्णता अडविण्यासाठीं स्वस्त फेसाळ तक्ते लाविले. पावसाळ्यांत ते गळतीचें पाणी पिऊन जड झाले व खालीं कोसळले. पैसे अक्षरशः पाण्यांत गेले!

प्रथम थर्मोकोल पाहूं. पॉलिस्टायरीन नामक प्लॅस्टिकाच्या बारीक मण्यांत पेन्टेन हें द्रव्य मुरविलेलें असतें. तें ३६ अंश सेल्सिअसलाच उकळतें. मण्यांस वाफ दिली कीं प्लॅस्टिक मऊ होतें, पेन्टेनचा वायु आंतून रेटा देतो, आणि मणी सुमारें चाळीसपट फुगतो. निवतांच आंतील वाफ व पेन्टेन आटून पोकळी पडते. म्हणून मणी कांहीं काळ तसेच ठेवितात व तींत हवा शिरूं देतात. पुढें साच्यांत पुन्हां वाफ दिली असतां ते एकमेकांस चिकटून अखंड पेटी तयार होते. तिच्यांत आकारमानानें शेंकडा ९८ भाग हवा असते. बंद कोठड्यांत अडकलेली ही हवा हलत नाहीं, म्हणूनच उष्णता अडते.

सोड्यासारखीं द्रव्येंही आहेत. अ‍ॅझोडायकार्बोनामाइड हें पिवळें चूर्ण सुमारें २०० अंशांवर विघटन पावून मुख्यतः नत्रवायु सोडतें. चपलांचे हलके तळ त्यानेंच होतात. गादीच्या पॉलियुरेथेन स्पंजांत पाणी व आयसोसायनेट यांच्या संयोगानें कार्बन डायॉक्साइड निघून जाळी पडते.

आतां मुख्य भेद. कोठड्यांच्या भिंती शाबूत राहिल्या तर माल पाणी अडवितो; भिंती फुटून कोठड्या एकमेकींत उघडल्या तर तो पाणी पितो. आमचे तक्ते दुसऱ्या जातीचे होते. यास्तव खरेदीपूर्वीं एक तुकडा तोलून रात्रभर पाण्यांत दाबून ठेवावा व सकाळीं वरचें पाणी पुसून पुन्हां तोलावा. वजन फार वाढलें तर तो माल छपरास निरुपयोगी समजावा.

आणखी एक सूचना. हा माल सहज पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो. सबब चुलीजवळ तो लावूं नये, आणि मोडकी पेटी शेतांत जाळूं नये. बांधावर टाकिली तरी ती कुजत नाहीं. तिचे मणी वाऱ्यानें विहिरींत व गुरांच्या वैरणींत जातात. शाबूत पेटी धुवून पुन्हां वापरावी, हेंच शहाणपणाचें.