जोशी म्हटलं की मराठीच?

पडद्यावर कुणी जोशी दिसला की ‘आपलाच माणूस’ म्हणून छाती फुगवायची आपल्याला खोड आहे. ‘थ्री इडियट्स’मधला शर्मन जोशी, ‘तारक मेहता’तले जेठालाल म्हणजे दिलीप जोशी, गीतकार प्रसून जोशी, सगळे मराठी, पुरावा काय, तर आडनाव! यातले पहिले दोघे गुजराती आहेत आणि प्रसून जोशी अल्मोड्याचे, म्हणजे कुमाऊँचे. ‘हम लोग’ लिहिणारे मनोहर श्याम जोशी यांचं घराणंही कुमाऊँचंच. यात नवल नाही, कारण ‘जोशी’ हे ना गावाचं नाव, ना कुळाचं. ते कामाचं नाव आहे. ‘ज्योतिषी’ हा संस्कृत शब्द लोकांच्या जिभेवर झिजत झिजत ‘जोशी’ झाला. तिथी-मुहूर्त सांगणारा माणूस काय फक्त देशावर आणि कोकणातच लागत होता? गुजरातेत, राजस्थानात, नेपाळच्या नेवारांतही तो होता आणि त्या त्या जागी त्याचा धंदाच त्याचं आडनाव झाला. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’तला (1915) जोशीही बलुतं घेणारा आहे, म्हणजे कामाच्या बदल्यात धान्य. आपला म्हणून वेगळा आहे तो फक्त उच्चार: मराठी ‘जोशी’तला ज ‘जन्म’मधला नाही, ‘जोर’मधला आहे.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग भीमसेन जोशी? त्यांचा जन्म 1922 साली गदगचा, घरची भाषा कन्नड, गुरू सवाई गंधर्व कुंदगोळचे. पुण्यात आयुष्य घालवून त्यांनी ‘संतवाणी’ घराघरांत पोचवली, म्हणून ते आपले. हे आपलेपण त्यांनी गाऊन कमावलं. आडनावाच्या खात्यावर ते जमा करणं हा त्यांच्या रियाजावर अन्याय आहे.

‘जोशी म्हणजे ब्राह्मणच’ हेही चूक. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत कुडमुडे जोशी आहेत, सहदेव जोशी आहेत. ‘सिनेमा-नाटकातले सगळे जोशी एकमेकांचे नातलग’ हे तर उघडच खोटं. एक घर तेवढं खरं: शर्मनचे वडील अरविंद जोशी आणि गुजराती रंगभूमीचे नामवंत दिग्दर्शक प्रवीण जोशी हे भाऊ. प्रवीण जोशींच्या पत्नी सरिता जोशी याच रंगभूमीच्या थोर अभिनेत्री, 2020च्या पद्मश्री. या घरात त्या मात्र जन्मानं मराठी, आणि त्यांचं माहेरचं आडनाव भोसले.