खोळंब्याचे अर्थशास्त्र

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सणसर हे गाव बाहेरून पाहणाऱ्यास सुखवस्तू वाटावे असेच आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस आणि शेजारी भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, अशी ग्रामीण समृद्धीची सारी लक्षणे येथे एकत्र आलेली दिसतात. तथापि अशा गावातील सामान्य कुटुंबाच्या दिवसाचा ताळेबंद मांडला, तर त्यात एक रक्कम अशी सापडेल की जिची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात होत नाही. ती रक्कम म्हणजे वाट पाहण्यात गेलेला वेळ. शेतकरी पाण्याच्या पाळीची वाट पाहतो, विजेची वाट पाहतो, ऊसतोडीच्या टोळीची वाट पाहतो आणि उसाच्या बिलाचीही वाट पाहतो. त्याची मुलगी एस. टी. ची वाट पाहते, पत्नी पिठाच्या गिरणीत वीज येण्याची वाट पाहते आणि म्हातारी आई रेशन दुकानातील यंत्र आपला अंगठा केव्हा ओळखील याची वाट पाहते.

या गोष्टींना ‘किरकोळ कटकटी’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्या किरकोळ नाहीत. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली असे मांडले की, कुटुंब पैशाप्रमाणेच वेळही खर्च करीत असते आणि कोणत्याही वस्तूची खरी किंमत ही तिचे दाम व ती मिळविण्यास लागणारा वेळ या दोहोंची बेरीज असते. या कसोटीवर पाहिले तर फुकट मिळणारी सेवा पुष्कळदा फार महाग असते. तालुक्याच्या गावी दोन हेलपाटे घालून मिळालेल्या विनामूल्य दाखल्यासाठी शेतमजुराने दोन दिवसांची मजुरी मोजलेली असते. फरक इतकाच की ती कोणाच्याही तिजोरीत जमा होत नाही. दाम देऊन घेतलेल्या वस्तूत एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. खोळंब्यात मात्र एकाचे जाते आणि कोणाचेच होत नाही.

पाणी, वीज आणि तोड

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर या अवर्षणग्रस्त टापूला पाणी देण्याच्या हेतूने तो काढण्यात आला. पुढे याच नीरा कालव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक’ पद्धत रूढ केली. ठराविक क्षेत्राचे गट पाडावेत, त्यांत पिकांची फेरपालट असावी आणि पाणी ठरल्या वेळी सर्वांना मिळावे, हे तिचे सार होते. या पद्धतीचे मर्म पाण्याच्या मोजमापाइतकेच वेळेच्या खात्रीत होते. पाणी थोडे मिळणार हे आधी ठाऊक असेल तर शेतकरी त्या बेताने पीक घेतो. मात्र ते केव्हा मिळणार हेच ठाऊक नसेल तर मिळेल तेव्हा ओरबाडून घेण्याकडे त्याचा कल होतो. कालव्याच्या टोकाकडील शेतकऱ्याची तक्रार आवर्तन कमी मिळण्याची आहेच, पण त्याहूनही ते लांबण्याची आहे.

सणसरचे नाव पाण्याच्या राजकारणात ज्या जोडकालव्यामुळे गाजते, त्या ‘सणसर कट’ची कथाही हीच. खडकवासल्याचे पाणी या वाटेने नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या भागाला मिळावे ही मागणी जुनी आहे. इकडे पुणे शहराची तहान वर्षागणिक वाढते आहे आणि धरण तर तेच आहे. मग निवडणुकीच्या सभेत ‘कट’चे पाणी वाहू लागते आणि निकालानंतर पुन्हा आटते. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरसाठी ५ टी. एम. सी. सांडपाणी उचलण्याच्या प्रस्तावाला चालना मिळाली. सोलापूर जिल्ह्यात त्याविरुद्ध आंदोलन पेटले आणि पुढच्याच महिन्यात तो आदेश रद्द झाला. महिनाभरात दोन जिल्ह्यांचे शेतकरी एकमेकांसमोर उभे ठाकले. पाण्याचा थेंबही जागचा हलला नाही.

विजेचे असेच. शेतीपंपांना वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री देण्याची रीत पडली आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासनाने माफ केले. परंतु मध्यरात्री विजेरी घेऊन, विंचूकाट्याचे भय बाळगून उसाच्या सरीत बारे देण्यासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जागरणाचे बिल माफ झालेले नाही. दिवसा मिळणाऱ्या विजेसाठी तो आनंदाने दाम मोजील, अशी शक्यता धोरणकर्त्यांनी क्वचितच लक्षात घेतली.

जेथे रांग लांबते तेथे रांग मोडण्याचा बाजार निर्माण होतो, हा अर्थशास्त्रातील जवळजवळ नियमच आहे. ऊसतोडीत तो उघड दिसतो. आडसाली ऊस तोडीला आला, त्याला तुरा फुटू लागला की प्रत्येक दिवसागणिक वजन घटते. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम कागदावर असतो. पण टोळी प्रत्यक्ष फडात यावी म्हणून मुकादमाला ‘खुशाली’ आणि वाहनचालकाला ‘एन्ट्री’ द्यावी लागते, हे ऊसपट्ट्यातील प्रत्येकास ठाऊक आहे. या रकमेची पावती नसते. दूरच्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या तोड कामगाराचे हलाखीचे जिणे आणि शेतकऱ्याची अगतिकता यांच्या मधोमध ती जन्मास येते.

संप आणि तिसरा पक्ष

खोळंब्याचे सर्वांत ठळक रूप म्हणजे संप. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. सुमारे ९० हजार कर्मचाऱ्यांच्या या महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, ही मागणी होती. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने कामावर परतण्यासाठी २२ एप्रिलची मुदत घालून दिली. त्यानंतर ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला आणि चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेतला. त्याच वर्षी १४ ते २० मार्च या काळात जुन्या निवृत्तिवेतनासाठी सरकारी कर्मचारी संपावर होते. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी, ऐन गणपतीच्या तोंडावर, एस. टी. पुन्हा दोन दिवस थांबली.

संपकऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. एस. टी. चा चालकही कित्येक महिने वेळेवर पगार मिळण्याची वाट पाहत होता. ज्याच्या अर्जाला उत्तर मिळत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याला वाट पाहायला लावण्याखेरीज काही उरत नाही. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप उभा राहिला तोही याच अगतिकतेतून. खरा प्रश्न आहे तो संपाचा भार कोण वाहतो याचा. कारखान्यातील संपात मालकाचा नफा बुडतो, म्हणून तो वाटाघाटीला बसतो. सार्वजनिक सेवेच्या संपात मंत्र्याचे वा व्यवस्थापकाचे स्वतःचे काही बुडत नाही. बुडते ते तिसऱ्या पक्षाचे, ज्याला वाटाघाटीच्या मेजाशी खुर्चीच नसते. त्या सहा महिन्यांत ज्याच्या घरी मोटारसायकल होती त्याचा मुलगा महाविद्यालयात पोहोचला. ज्या घरी नव्हती, तेथे आधी मुलीचे शिक्षण थांबविण्याचा विचार झाला. मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी. च्या प्रवासात अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, हे स्वागतार्हच आहे. मात्र न आलेल्या गाडीत ही सवलत वापरता येत नाही.

यंत्राने कोणाचा वेळ वाचविला?

या साऱ्यावर तंत्रज्ञान हा उतारा आहे, असे गेली दोन दशके सांगितले जात आहे. सातबारा संगणकावर आला, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला, ही मोठीच सोय झाली; ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण प्रत्येक सुधारणेबाबत एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : वेळ कोणाचा वाचला आणि कोणाचा खर्च झाला?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ‘ई-पीक पाहणी’ हे याचे बोलके उदाहरण आहे. पूर्वी पिकांची नोंद तलाठी करी आणि ती बहुधा चावडीवर बसून होई, हा दोष खराच. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, भ्रमणध्वनीवर पिकाचे छायाचित्र घेऊन ती नोंद करायची आहे. नोंद अधिक खरी होते, यात शंका नाही. पण शेतात संपर्क नाही, सर्व्हर बंद आहे, मुदत मात्र संपत आली आहे, अशा वेळी नोंद राहिली तर विमा आणि नुकसानभरपाई यांच्या वेळी अडचण शेतकऱ्याचीच. काम शासनाचे होते. ते नागरिकाच्या अंगावर आले आणि त्यासोबत चुकीची जबाबदारीही आली.

रेशनच्या यंत्रापुढे, आयुष्यभर खुरपे धरून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांनाच ‘तुम्ही तुम्हीच आहात काय’ हे सिद्ध करावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचे झाले आणि त्यात पतीचा वा वडिलांचा आधार क्रमांक मागण्यात आला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा स्त्रियांनी काय करावे, हा प्रश्न नियम झाल्यानंतर सुचला आणि मुदत वाढवावी लागली. कार्यालयातील कारकून निदान अडचण ऐकून तरी घेत असे. पडद्यावरचे गोल फिरणारे चक्र ऐकत नाही आणि त्याची तक्रार कोणाकडे करावी हेही सांगत नाही.

या सर्व खोळंब्यांची शेवटची जागा म्हणजे घर. रात्री पंपावर गेलेला पुरुष सकाळी चिडचिडा असतो. पाणी, दळण आणि गाडी यांच्या वेळा जुळविता जुळविता गृहिणीचा दिवस चौदा तासांचा होतो. आणि ज्या संतापाला कार्यालयात वाव मिळत नाही, तो चुलीपाशी बाहेर पडतो. नवरा-बायकोतील अनेक भांडणांचे मूळ स्वभावात नसून वेळापत्रकात असते, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

लांबलेल्या निवडणुका

ज्यांच्याकडे दाद मागायची त्या संस्थाच खोळंबल्या तर? राज्यघटनेच्या २४३-ई या अनुच्छेदाप्रमाणे पंचायतीची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असा दंडक आहे. पुणे जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच कारभार पाहत होते. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरे. पण त्या काळात सणसरच्या मतदाराने रस्त्याबद्दल वा शाळेबद्दल विचारायचे कोणाला? छत्रपती कारखान्याची २०१५ नंतरची निवडणूकही २०२५ च्या मे महिन्यात झाली. मधल्या काळात २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत एकाच घरातील दोन उमेदवार समोरासमोर आले. गावोगावच्या भावकीत त्याचे पडसाद उमटले. बांधाचे जुने वाद पक्षाच्या नव्या नावाने पेटले. बांधावरची पाळी मात्र होती तेथेच राहिली.

अल्बर्ट हिर्शमन याने १९७० साली दाखवून दिले होते की, संस्था ढासळू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. ऊसपट्ट्यात जो सधन आहे तो बाहेर पडला आहे. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, चारचाकी आहे, स्वतःची विंधनविहीर आहे. ज्याचा आवाज ऐकला गेला असता त्यालाच ओरडण्याची गरज उरली नाही आणि जो खोळंबला आहे त्याचा आवाज पोहोचत नाही.

उपाय अगदीच अज्ञात नाहीत. खोळंब्याला किंमत लावता येते, हे कायद्याने पूर्वीच मान्य केले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तोडीनंतर १४ दिवसांत उसाचे पैसे न दिल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. एफ. आर. पी. दोन हप्त्यांत देण्याची मुभा देणारा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी रद्द केला, तेव्हा हेच तत्त्व अधोरेखित झाले. वीज कायदा, २००३ च्या ५७ व्या कलमात सेवेच्या कसुरीबद्दल ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. उणीव एवढीच की हे सारे मिळविण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, म्हणजे पुन्हा खोळंबा आला.

म्हणून मागणी साधी असावी. उशिराचे व्याज आणि भरपाई अर्जाविना खात्यात जमा व्हावी. सर्व्हर जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत आपोआप वाढावी. कालव्याच्या आवर्तनाचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे आणि ते मोडल्यास कारण त्याच फलकावर लिहिले जावे. सार्वजनिक सेवांतील वेतनाच्या वादांवर ठराविक मुदतीत लवादाचा निर्णय व्हावा, म्हणजे कामगारालाही संपावाचून न्याय मिळेल.

दरवर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामास असते. हजारो वारकऱ्यांची ये-जा, अन्नपाणी, मुक्काम हे सारे ठरल्या तिथीला पार पडते, कारण त्या दिवशी वाट पाहणाऱ्याचा मान राखणे हे प्रत्येकजण आपले कर्तव्य समजतो. वेळ पाळण्याची शिस्त या मातीला परकी नाही. ती वर्षातून एका मुक्कामापुरती न राहता कालव्याच्या दारापर्यंत, तलाठ्याच्या कार्यालयापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत पोहोचली, तर सणसरच्या समृद्धीला खरा अर्थ येईल.