म्युलरचे औषध आणि धानाचा मुलूख

घड्याळे, दातेरी रुळांवरून डोंगर चढणारी आगगाडी, सेलोफेनचा पारदर्शक कागद, वेल्क्रोची पट्टी अशी स्विस संशोधकांच्या कर्तृत्वाची नामावळी कोणीही सांगेल. परंतु गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्यासारख्या धानपट्ट्यातील गावांत, कुडामातीच्या घरांच्या थेट माजघरापर्यंत जाऊन पोहोचलेले स्विस संशोधन कोणते असे विचारल्यास माझ्यापुरते उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे डी.डी.टी.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख मालगुजारी तलावांचा, बोड्यांचा आणि पाणी अडवून धान पिकविणाऱ्या बांध्यांचा. त्यामुळे जे पाणी रयतेच्या पोटाला अन्न देई, त्याच्याच आश्रयाने हिवतापाचे डासही पोसले जात. कोयनेलची कडू पूड आणि पानथरी वाढून पोटे सुटलेली मुले हे अशा प्रदेशांतले नित्याचे दृश्य होते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी माणसे हिवतापाने पछाडली जात आणि आठ लाख दगावत, असा सरकारी अंदाज आहे.

ज्याच्या औषधाने हे आकडे पालटले, तो पॉल हेर्मान म्युलर ना वैद्य होता, ना त्याने हिवतापाचा विचार केला होता. १८९९ साली ओल्टन येथे जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ १९२५ मध्ये बाझेलच्या गायगी कंपनीत रुजू झाला आणि आरंभी रंग व कातडी कमावण्याची द्रव्ये यांतच गुंतला. पुढे कीटकनाशकांकडे वळल्यावर आदर्श द्रव्याच्या अटी त्याने आधीच ठरवून ठेवल्या. ते कीटकांना स्पर्शानेच मारणारे, सस्तन प्राण्यांना व वनस्पतींना फारसे अपाय न करणारे, वासरहित, स्वस्त आणि मुख्य म्हणजे दीर्घकाळ टिकणारे असावे. काचेच्या पेटीत माशा सोडून त्याने एकामागून एक ३४९ संयुगे पारखली आणि ती सारी निरुपयोगी ठरली. १९३९ च्या सप्टेंबरात हाती आलेल्या ३५० व्या संयुगाने मात्र पेटी अशी भारली की, ती नीट धुऊन हवेशीर केल्याशिवाय पुढल्या माशाही तिच्यात जगेनात. वस्तुतः हे संयुग ओथ्मार झाइडलर नावाच्या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने १८७४ सालीच तयार केले होते. त्याचा उपयोग काय, हे विचारण्याची बुद्धी पासष्ट वर्षांनी म्युलरला झाली, आणि १९४८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्या बुद्धीला मिळाले, हे माझ्या मते यथान्याय झाले.

आपल्याकडे तत्कालीन मुंबई प्रांतातील धारवाड व कारवार भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास घराघरांतून फवारणीचा मोठा प्रयोग केला, आणि त्याच्या यशाच्या आधारावर एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याची तहसील होती आणि भंडारा मध्यप्रदेशात, म्हणजे या मुलखाचा सरकारदरबार अद्याप नागपुरात होता. फवारणीची रीत साधी होती: पन्नास टक्के डी.डी.टी. असलेली एक किलो पूड दहा लिटर पाण्यात कालवायची, एकाने पंप दाबायचा, दुसऱ्याने नळीचे टोक भिंतीवरून वरून खाली सारख्या गतीने फिरवायचे, आणि एवढ्यात पाचशे चौरस मीटर पृष्ठभाग उरकायचा. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी विसाव्यासाठी भिंतीवर बसते, ही तिची खोड हेरूनच ही सारी योजना आखलेली होती. सामान्य माणसाने मात्र या औषधाची पारख डासांवरून फारशी केली नाही. खाटेतले ढेकूण मेले की औषध चांगले, आणि ढेकूण सरावून पुन्हा चावू लागले की फवारणीवाल्यांना दारातूनच वाटेला लावायचे, असा कौल ठिकठिकाणी मिळाला. त्यात मातीच्या भिंती औषध शोषून घेत. शिवाय दिवाळीच्या तोंडावर गृहिणीने घर पोतून सारवून लख्ख केले, की उरलासुरला थरही मातीआड जाई. सरकारी वेळापत्रक आणि घरचा सण यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न नुसत्या रसायनशास्त्राने सुटण्याजोगा नव्हता.

तरीही १९६१ साली देशातील रुग्णांची नोंद पन्नास हजारांच्या आत आली. पण १९५९ मध्येच गुजरातेतील पंचमहालात डी.डी.टी.ला न जुमानणारे डास आढळले होते, आणि १९६२ मध्ये रेचल कार्सन यांच्या ग्रंथाने शेतांवर बेसुमार ओतलेल्या या विषाची दुसरी बाजू जगापुढे मांडली. म्युलरने अट म्हणून मागितलेला टिकाऊपणाच येथे आरोपाचा मुद्दा ठरला: भिंतीवर महिनोन्‌महिने टिकणारे द्रव्य मातीत, माशांत आणि पक्ष्यांच्या चरबीतही तितक्याच निष्ठेने टिकते. तथापि माजघरातली मोजकी फवारणी आणि पिकांवरचा वर्षाव यांना एकाच फिर्यादीत गोवणे मला अन्यायाचे वाटते; भारत सरकारनेही १९८९ साली शेतीतील वापर बंद केला, पण रोगवाहक कीटकांविरुद्धचा चालू ठेवला, आणि २००६ मध्ये स्टॉकहोम कराराला मान्यता देतानाही ही सवलत राखली.

म्युलर १९६१ मध्ये निवृत्त झाला, घरच्या प्रयोगशाळेत काम करीत राहिला आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये वारला. त्या वर्षी भारतात हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. १९७६ साली रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला.