सोडा पाव, आयरिश
आयर्लंडमधील ग्रामीण कुटुंबांत घरोघरी होणारा, यीस्टऐवजी खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) व ताक यांच्या साहाय्याने फुगविलेला पाव. तो अतिप्राचीन असल्याचा समज रूढ आहे. परंतु तो ग्राह्य नाही. आयर्लंडमध्ये खाण्याचा सोडा १८३० नंतर वापरात येऊ लागला. तत्पूर्वी ओट व सातू यांच्या पातळ, न फुगविलेल्या भाकऱ्या करीत. गोरगरिबांचे मुख्य अन्न तर बटाटा हेच होते. बटाट्यावरील रोगामुळे पडलेल्या दुष्काळानंतर (१८४५–४९) गव्हाच्या पिठाचा वापर वाढला व हा पाव सर्वत्र पसरला.

त्याच्या प्रसाराची कारणे परिस्थितीतच होती. थंड व दमट हवेत पिकणाऱ्या तेथील मऊ गव्हात ग्लुटेन कमी असल्याने यीस्टच्या पावास तो फारसा योग्य नसतो. सामान्य घरात भट्टीही नसे. लोणी काढल्यावर उरणारे आंबट ताक मात्र विपुल असे. ताकातील लॅक्टिक अम्लाची सोड्यावर विक्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघतो व पीठ फुगते. ही विक्रिया ताक घालताच सुरू होते, म्हणून पीठ भिजवून ठेवीत नाहीत.

सु. ४५० ग्रॅ. पिठास चहाचा एक सपाट चमचा सोडा, मीठ व सु. ३५० ते ४०० मिलि. ताक लागते. पीठ गोळा होण्यापुरतेच हलक्या हाताने कालवितात; अधिक मळल्यास पाव घट्ट होतो. सोडा जास्त झाल्यास साबणासारखी चव येते. खरे कौशल्य या दोन गोष्टींतच आहे. गोळ्यावर सुरीने खोल फुली पाडतात. तिच्यातून पऱ्या बाहेर पडतात अशी लोकसमजूत असली, तरी तिच्यामुळे मधला भाग नीट भाजतो, हा तिचा खरा उपयोग होय.

पाव ‘बॅस्टिबल’ नावाच्या, सपाट बुडाच्या बिडाच्या भांड्यात भाजीत. ते चुलाण्यात पीटच्या विस्तवावर टांगून झाकणावरही निखारे ठेवीत. १९४६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण विद्युतीकरणानंतर ही पद्धत मागे पडत गेली. उत्तरेकडील अल्स्टरमध्ये चपटा गोळा चार भागांत कापून तव्यावर भाजतात. या तुकड्यांना ‘फार्ल’ म्हणतात. पाव लवकर शिळा होत असल्याने तो रोज किंवा दिवसाआड करीत. फार्ल तळून न्याहारीस खाण्याची पद्धत अल्स्टरमध्ये आहे.